तुटले तर काय? – बारावीच्या पुस्तकातील एका प्रकरणाविषयी

बारावीच्या संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात संगणकांच्या जाळ्यांवर एक प्रकरण आहे. एनसीईआरटीने हे पुस्तक २०२० साली प्रथम काढले. केंद्रीय मंडळाच्या शाळांत ते चालते, आणि संस्थेच्या संकेतस्थळावरून ते कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येत असल्यामुळे राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयांतील शिक्षकांनाही ते हाताशी ठेवता येते. संपूर्ण पुस्तकाचे परीक्षण करण्याचा येथे हेतू नाही. दहाव्या प्रकरणातील जाळ्यांच्या मांडण्या आणि स्विच हे उपकरण, एवढ्यापुरतेच बोलायचे आहे.

आधी चांगले ते सांगतो. प्रकरणाची भाषा स्वच्छ आहे. आकृत्या नीटस आहेत. मोडेम, हब, स्विच, राउटर यांची ओळख विद्यार्थ्याला गोंधळात न टाकता करून दिली आहे. प्रत्येक संगणक दुसऱ्या प्रत्येकाशी जोडायचा तर क्ष संगणकांना किती तारा लागतील, याचे सूत्रही दिले आहे. गणिताच्या शिक्षकाला आनंद व्हावा अशी ती जागा आहे. मग खटकते काय? खटकते ते असे की मेश, रिंग, बस, स्टार आणि ट्री या पाच मांडण्या पुस्तकात वनस्पतिशास्त्रातील पानांच्या आकारांसारख्या येतात. हे पान हृदयाकृती, ते पान भालाकृती. आकार ओळखा, नाव लिहा, दोन गुण आणि दोन दोष लिहा. पण हे आकार माणसाने मुद्दाम योजलेले आहेत, आणि ते योजताना त्याच्या मनात एक प्रश्न होता. जोडणी तुटली तर काय होईल, हा तो प्रश्न.

ही अतिशयोक्ती नव्हे. अमेरिकेतील रँड या संस्थेत काम करणाऱ्या पॉल बॅरन या अभियंत्याने १९६४ साली दळणवळणाच्या जाळ्यांवर अहवालांची एक मालिका प्रसिद्ध केली. एका केंद्राला जोडलेले, अनेक उपकेंद्रांना जोडलेले आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे सर्वत्र विखुरलेले, अशा तीन जाळ्यांची त्याची आकृती आज जगभरच्या पुस्तकांत दिसते. पण बॅरनने ती चित्रे आकार शिकवण्यासाठी काढली नव्हती. युद्धात काही केंद्रे नष्ट झाली, तर उरलेल्यांपैकी किती एकमेकांशी बोलू शकतील, याचा त्याला हिशेब करायचा होता. त्याचे उत्तर मोठे दिलासा देणारे होते. प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडण्याची मुळीच गरज नाही. कमीत कमी लागणाऱ्या तारांच्या तिप्पट-चौपट तारा असल्या, तरी जाळे जवळजवळ शक्य तितके टिकाऊ होते. पाठ्यपुस्तकांनी ते चित्र घेतले आणि हिशेब तिथेच सोडला.

एनसीईआरटीच्या प्रकरणात हा प्रश्न अगदीच येत नाही असे नाही. मेश मांडणीत एखादा संगणक बंद पडला तरी इतरांचे चालू राहते, असे म्हटले आहे. स्टार मांडणीत मधले उपकरण बंद पडले तर सगळे जाळे बंद पडते, हेही म्हटले आहे. पण एवढे सांगून प्रकरण पुढे जाते. चौकस विद्यार्थी येथे हटकून विचारील, “सर, स्टारमध्ये इतका धोका असेल, तर बँकेत, इस्पितळात, रेल्वेच्या कार्यालयात सगळीकडे स्टारच का?” याचे उत्तर प्रकरणात नाही. ते उत्तर त्या मधल्या पेटीच्या पोटात आहे. तिकडे वळण्यापूर्वी आपल्या जिल्ह्याचा नकाशा समोर घेऊ.

गोंदिया जिल्ह्यात आठ तालुके आहेत: गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव. फळ्यावर आठ टिंबे काढा. आता रस्त्यांच्या कडेने काल्पनिक तारा टाकू. (प्रत्यक्षातील केबल अशाच गेल्या आहेत असे येथे म्हणायचे नाही. ही वर्गातली तालीम आहे.) गोंदियाहून पश्चिमेला तिरोडा. गोंदियाहून दक्षिणेला गोरेगाव, तेथून सडक अर्जुनी. सडक अर्जुनीहून एक फाटा अर्जुनी मोरगावला आणि दुसरा महामार्गाने देवरीला. गोंदियाहून पूर्वेला आमगाव आणि तेथून सालेकसा. मोजा, सात तारा झाल्या. आठ ठिकाणे जोडायला यापेक्षा कमी तारा पुरणारच नाहीत. काटकसरीचा हा कळस.

आता गोंदिया आणि गोरेगाव यांच्यामध्ये रस्ता रुंद करणाऱ्या यंत्राने तार तोडली असे समजा. गोरेगाव, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव आणि देवरी, म्हणजे आठांपैकी चार तालुके एका घावात तुटले. त्या वेळी तेथील रेशन दुकानातले अंगठ्याचे यंत्र, पंचायत समितीतले दाखले आणि बँकेचे व्यवहार हे सगळे त्या एका खड्ड्याशी बांधलेले असते.

आता एकच तार जास्त टाका, आमगाव ते देवरी. तिथे रस्ता आहेच. सातच्या आठ झाल्या. पुन्हा तीच तार तोडा. या वेळी एकही तालुका तुटत नाही, कारण देवरी, सडक अर्जुनी, गोरेगाव आणि अर्जुनी मोरगाव आमगावकडून फिरून गोंदियाला पोचतात. एका तारेने एवढा फरक पडला, कारण त्या तारेने वर्तुळ पुरे झाले. तिरोडा, सालेकसा आणि अर्जुनी मोरगाव मात्र अजून एकेका तारेवर लटकलेलेच आहेत. प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडायचे म्हटले तर पुस्तकातल्या सूत्राने आठ गुणिले सात भागिले दोन, म्हणजे २८ तारा लागतील. सात आणि अठ्ठावीस यांच्या मधल्या प्रदेशातच सगळे अभियांत्रिकी शहाणपण राहते, आणि पुस्तकात नेमका तोच प्रदेश कोरा आहे.

पुस्तक वर्तुळाविषयी काय म्हणते तेही पाहू. त्यानुसार रिंगमध्ये माहिती एकाच दिशेने फिरते. १९८० च्या दशकातल्या टोकन रिंगला हे लागू होते. पण आज तंत्रज्ञ प्रकाशतंतूंचे वर्तुळ आखतो ते नेमके त्यात दोन्ही दिशांनी जाता येते म्हणून. एकीकडून तुटले तर दुसरीकडून फिरायचे, आणि दूरसंचाराच्या जुन्या वर्तुळांतदेखील हे वळण ५० मिलिसेकंदांत घ्यावे असा दंडक होता. एकाच दिशेचे वर्तुळ शिकलेल्या विद्यार्थ्याला वर्तुळ कशासाठी असते हेच कळलेले नसते. खेड्यांपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची केंद्र सरकारची योजना २०११ साली मंजूर झाली, पुढे तिचे नाव भारतनेट झाले. आरंभीच्या टप्प्यात तालुक्याच्या ठिकाणी आधी असलेल्या तंतूला जोडून तेथून ग्रामपंचायतींपर्यंत झाडाच्या फांद्यांसारखे फाटे काढले होते. नवे तंतू शक्य तितके कमी टाकायचे, असे धोरण होते. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित योजनेला मंजुरी दिली, तेव्हा तिच्यात वर्तुळाकार मांडणी स्वीकारली गेली. फांदीकडून वर्तुळाकडे यायला देशाला बारा वर्षे लागली. तो धडा पाठ्यपुस्तकाच्या एका पानात मावला असता.

पण वर्तुळ पुरे केले म्हणजे काम झाले का? येथे दुसरी, जास्त महत्त्वाची गोष्ट येते, आणि तिच्याविषयी पुस्तकात अवाक्षर नाही.

आपल्या फळ्यावरच्या वर्तुळात गोंदियाला तीन दारे आहेत. तिरोड्याचे दार वेगळे ठेवू. उरलेली दोन म्हणजे गोरेगावकडची तार आणि आमगावकडची तार. प्रत्येक तालुक्याला गोंदियाशी बोलायला एक माप क्षमता लागते असे धरू. रोजच्या दिवशी गोरेगाव, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव ही तीन ठिकाणे गोरेगावच्या दाराने येतात. आमगाव, सालेकसा आणि देवरी ही तीन आमगावच्या दाराने. दोन्ही तारांवर तीन-तीन मापे भार. छान वाटणी झाली. आता एखादा हिशेबी अधिकारी म्हणेल, “प्रत्येक तारेवर तीनच मापे भार असतो, मग चार मापांची तार घ्या. एक माप शिल्लक राहीलच.” कागदावर हे बरोबर दिसते. पण गोरेगावची तार तुटली त्या क्षणी सहाच्या सहा मापे आमगावच्या तारेवर येतात. तिची क्षमता चार. वर्तुळ पूर्ण आहे, मार्गही आहे, पण त्या मार्गावर गर्दी इतकी की कोणाचेच धड चालत नाही. म्हणजे दुसरी तार असूनही राखीव काहीच नव्हते.

भार वाटून घेणे आणि राखीव ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हीला दोन तारा लागतात, दोन यंत्रे लागतात, चित्र दोन्हीचे सारखेच दिसते. म्हणून आकृती पाहून फरक कळत नाही. आकडे विचारावे लागतात. दोघांनी भार वाटून घेतला असेल आणि एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी अशी अपेक्षा असेल, तर प्रत्येकावर निम्म्याहून अधिक भार चालणार नाही.

तिघे असतील तर दोन तृतीयांश, पाच असतील तर चार पंचमांश. पाचाचे उदाहरण तिरोड्याच्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर उभे आहे. तेथील औष्णिक वीजकेंद्रात ६६० मेगावॉटचे पाच संच आहेत, एकूण ३,३०० मेगावॉट. पाचही संच ८० टक्क्यांवर चालवले तर २,६४० मेगावॉट वीज मिळते. चार संच पुऱ्या क्षमतेने चालवले तरी तेवढीच. म्हणजे ८० टक्क्यांवर एक संच गेला तरी हिशेब जुळतो. ९० टक्क्यांवर तो जुळणार नाही. (बाष्पकावर चालणारा संच क्षणात भार उचलू शकत नाही, त्याला वेळ लागतो, हे विज्ञानाच्या शिक्षकाने जरूर सांगावे. येथे फक्त अपूर्णांकाचा मुद्दा घ्यायचा आहे.)

विजेच्या जाळ्याने हा धडा देशाला एकदा फार मोठी किंमत घेऊन शिकवला. ३० जुलै २०१२ च्या पहाटे बिना–ग्वाल्हेर या ४०० किलोव्होल्टच्या मार्गावरची एक जोडणी आधीच कामासाठी बंद होती. दुसरी भाराने सुटली. तिचा भार उरलेल्या मार्गांवर गेला, तेही एकामागून एक सुटले आणि उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तसाच प्रकार आणखी मोठ्या प्रदेशात घडला. दुरुस्तीला काढलेला राखीव मार्ग हा त्या दिवसापुरता राखीव नसतो, एवढी साधी गोष्ट त्यात होती.

आता त्या मधल्या पेटीत शिरू. पाठ्यपुस्तकातला स्विच म्हणजे वितभर लांबीची, आठ भोकांची डबी. मोठ्या केंद्रातला स्विच कपाटाएवढा असतो. त्यात पुस्तकांच्या फळीसारखे खण असतात आणि प्रत्येक खणात एकेक कार्ड सरकवलेले असते. बहुतेक कार्डांवर तारा जोडायची भोके, म्हणजे पोर्ट असतात. एक किंवा दोन कार्डे वेगळी. त्यांना मॅनेजमेंट मॉड्यूल किंवा सुपरवायझर म्हणतात. कोणते पोर्ट कोणत्या गटात आहे, कोणता मार्ग चालू ठेवायचा आणि कोणता रोखायचा, हे सगळे ते ठरवते. पेटीच्या तळाशी पॉवर सप्लाय असतात, तेही बहुधा दोन.

म्हणजे पेटीत दोन गोष्टींच्या जोड्या आहेत, आणि गंमत अशी की त्या दोन जोड्या वेगवेगळ्या तत्त्वांवर चालतात. मॅनेजमेंट मॉड्यूलच्या जोडीत एक काम करते, दुसरे थांबून पाहते. त्यांच्यात निर्णयाची वाटणी करत नाहीत. शाळेत एकाच वेळी दोन मुख्याध्यापक आदेश काढू लागले तर काय होईल, ते शिक्षकांना सांगायला नको. एकाने सुट्टी जाहीर करावी, दुसऱ्याने परीक्षा. म्हणून दुसरे कार्ड पहिल्याची नाडी सतत तपासत राहते आणि नाडी थांबली तरच खुर्ची घेते. दोघांमधला संपर्कच तुटला आणि प्रत्येकाला वाटले की दुसरा गेला, तर दोघेही खुर्चीवर बसतात. तंत्रज्ञ ज्याला सर्वांत जास्त घाबरतात त्या प्रसंगांपैकी हा एक.

आता हे दुसरे कार्ड कितपत तयार असते? सिस्को कंपनीची १९९९ साली आलेली कॅटॅलिस्ट ६५०० ही मालिका या बाबतीत नमुनेदार आहे. तिच्यात दुसऱ्या कार्डाच्या तयारीच्या तीन पायऱ्या होत्या. पहिलीत ते अर्धवट जागे असे. ताबा घेताना ते पुरते सुरू होई, पोर्टांची कार्डेही नव्याने सुरू होत, आणि यात दोन ते चार मिनिटे जात. दुसऱ्या पायरीत ते पूर्ण जागे असे, वेळ अर्ध्या ते एका मिनिटावर येई. तिसरीत पहिल्या कार्डाच्या स्मृतीतील चालू स्थिती क्षणोक्षणी दुसऱ्याकडे उतरवली जाई आणि ताबा साधारण तीन सेकंदांच्या आत बदले. विकत घेतलेली यंत्रसामग्री तीच. फरक पडतो तो जुळणी करताना कोणती पायरी निवडली आणि तिच्या अटी पाळल्या का, यावर. त्या अटींत सर्वांत महत्त्वाची म्हणजे दोन्ही कार्डांवर सारखीच आज्ञावली हवी. एकावर नवी आणि दुसऱ्यावर जुनी असेल तर यंत्र बहुधा मुकाट्याने खालच्या पायरीवर उतरते. बाहेरून दोन्ही दिवे हिरवेच दिसतात.

पॉवर सप्लायचे तसे नाही. ते दोघेही एकाच वेळी काम करतात आणि भार वाटून घेतात. येथे मात्र जुळणी करणाऱ्याला यंत्र स्पष्ट विचारते: हे दोघे एकमेकांचे राखीव आहेत की दोघे मिळून एक? समजा प्रत्येकाची क्षमता ३,००० वॅट आहे. राखीव हा पर्याय निवडला तर यंत्र एकूण वापर ३,००० वॅटच्या वर जाऊ देत नाही. दोघे निम्मे-निम्मे देतात, एक गेला तर दुसरा सगळे उचलतो. एकत्र हा पर्याय निवडला तर त्याहून कितीतरी अधिक वीज वापरता येते, जास्त कार्डे बसवता येतात. समजा वापर ४,२०० वॅटवर गेला. एक सप्लाय बंद पडताच १,२०० वॅटची तूट येते, आणि यंत्र काही कार्डे स्वतःच बंद करून टाकते. दोन्ही व्यवस्थांत पेटी तीच, सप्लाय दोनच, खर्च सारखाच. फळ्यावरची आमगाव–गोरेगावची वाटणी आणि ही वाटणी यांत काडीचा फरक नाही. मला विचाराल तर बारावीच्या प्रकरणात हे एक उदाहरण आले असते तर पाच आकृत्या गाळल्या तरी चालल्या असत्या.

तारांच्या भारवाटपाचीही अशीच एक गंमत आहे. दोन स्विचमध्ये एक गिगाबिटच्या दोन तारा टाकून त्यांचा जुडगा केला, तर दोन गिगाबिटची एक तार मिळाली असे विद्यार्थ्याला वाटते. २००० साली या पद्धतीचे प्रमाण ठरले त्यात तसे नाही. एका संभाषणाचे तुकडे दोन तारांनी पाठवले तर मागचा तुकडा पुढे पोचू शकतो, क्रम बिघडतो. म्हणून पाठवणारा आणि घेणारा यांच्या पत्त्यांवरून एक साधा हिशेब करून ते संपूर्ण संभाषण एकाच तारेला बांधून देतात. वर्गात करून पाहा: चिठ्ठी देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हजेरी क्रमांक यांची बेरीज सम आली तर चिठ्ठी डाव्या जिन्याने, विषम आली तर उजव्या जिन्याने. चाळीस मुलांच्या चिठ्ठ्या बऱ्यापैकी वाटल्या जातात. पण दोनच मुलांनी शंभर चिठ्ठ्या पाठवल्या तर त्या सगळ्या एकाच जिन्याने जातील आणि दुसरा मोकळा राहील. विजेच्या समांतर तारांत भार निसर्गनियमाने वाटला जातो. येथे तो माणसाने लिहिलेल्या नियमाने वाटला जातो, आणि नियम लिहिणाऱ्याला रहदारीचे स्वरूप माहीत असावे लागते.

जास्तीच्या तारेचा आणखी एक स्वभाव आहे, आणि तो पुस्तकातल्या भोळ्या विधानांच्या अगदी उलट आहे. जास्त तारा म्हणजे जास्त सुरक्षितता, असे नेहमी नसते. स्विचला एखाद्या संदेशाचे गंतव्य माहीत नसेल किंवा संदेश सर्वांसाठी असेल, तर तो आलेले पोर्ट सोडून बाकी सगळीकडे पाठवतो. दोन स्विचमध्ये दोन तारा असतील आणि कोणी आवर घातला नसेल, तर असा संदेश एकीने जाऊन दुसरीने परत येतो, पुन्हा जातो, आणि त्याला आयुष्यमर्यादा नसल्यामुळे तो कधीच थांबत नाही. यावर रॅडिया पर्लमन यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यास उपाय शोधला: स्विचनी आपापसांत बोलून वर्तुळ होणार नाही असे एक झाड निवडायचे, बाकीच्या तारा रोखून ठेवायच्या आणि एखादी चालू तार तुटली तर रोखलेली उघडायची. १९९० साली तो प्रमाण म्हणून मान्य झाला. म्हणजे आपल्या फळ्यावरचे झाड आणि वर्तुळ हे वेगळे प्रकार नाहीतच. तारा वर्तुळाच्या, चालू असते ते झाड. पुस्तकात मात्र ते वेगवेगळ्या क्रमांकांखाली बसलेले आहेत.

या उपायालाही मर्यादा आहेत. बॉस्टनमधील बेथ इस्रायल डिकॉनेस या मोठ्या इस्पितळाचे जाळे वर्षानुवर्षे एकेक तुकडा जोडत इतके लांबले की ते झाड ठरवणारी व्यवस्थाच कोलमडली. नोव्हेंबर २००२ मध्ये सुमारे चार दिवस तेथील डॉक्टर आणि परिचारिका कागदावर काम करत होत्या. यंत्रे कमी पडली नव्हती.

आणि दोन्ही यंत्रे एकाच कारणाने पडली तर? ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान ५ हे अग्निबाण उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत नष्ट झाले. दिशा सांगणारी दोन यंत्रे त्यात होती, एक चालू आणि एक राखीव, दोघांवर आज्ञावली तीच. तिच्यातल्या एका चुकीने आधी राखीव बंद पडले आणि लगेच, सुमारे ५० मिलिसेकंदांच्या फरकाने, चालू. गोंदियातल्या कोणत्याही कार्यालयात दोन पॉवर सप्लायच्या दोन वायरी भिंतीवरच्या एकाच प्लगात खोवलेल्या दिसल्या, तर हा अग्निबाण आठवावा.

स्विचविषयीचे पुस्तकातले एक विधान मात्र सरळ चुकीचे आहे आणि ते दुरुस्त व्हायला हवे. बिघडलेला संदेश स्विच पुढे पाठवत नाही, टाकून देतो, येथपर्यंत ठीक. पण तो पाठवणाऱ्याला पुन्हा पाठव असे सांगतो, असेही लिहिले आहे. नेहमीचा इथरनेट स्विच असे काही सांगत नाही. तो गुपचूप टाकून देतो. संदेश पोचला नाही हे दोन टोकांच्या संगणकांनी ओळखायचे आणि पुन्हा पाठवायचे. हे क्षुल्लक नाही, कारण मधल्या पेटीला कमी काम द्यायचे आणि जबाबदारी टोकांवर टाकायची, या विचारावरच इंटरनेट उभे आहे. ताबा बदलताना तीन सेकंद गेले तरी आपले पत्र पोचते, ते टोके पुन्हा पाठवतात म्हणून.

परीक्षेचा प्रश्नही या उणिवेला हातभार लावतो. केंद्रीय मंडळाच्या प्रश्नपत्रिकेत वर्षानुवर्षे एक ठरावीक प्रश्न येतो. एका संस्थेच्या चार इमारती, त्यांच्यातील अंतरे आणि प्रत्येकीतील संगणकांची संख्या दिलेली असते. केबलची योग्य मांडणी काढा, सर्व्हर कोठे ठेवाल, रिपीटर कोठे लावाल, असे विचारतात. अपेक्षित उत्तर म्हणजे कमीत कमी केबलचे झाड आणि सर्वाधिक संगणकांच्या इमारतीत सर्व्हर. प्रश्न चांगला आहे, पण त्यात गुण मिळतात ते काटकसरीला. एखाद्या विद्यार्थिनीने एक तार जास्त टाकून वर्तुळ पुरे केले, तर नमुना उत्तराच्या हिशेबाने ती चुकली. सात तारांच्या झाडाला शाबासकी देणारी परीक्षा आणि फांद्यांनी सुरू झालेली भारतनेट योजना यांत कार्यकारणभाव आहे असे मी म्हणत नाही. मनोवृत्ती मात्र एकच आहे.

पुस्तक बदलेपर्यंत शिक्षकाने थांबायचे कारण नाही. प्रयोगशाळेत पडून असलेले दोन स्वस्त, साधे स्विच घ्या. शाळेच्या जाळ्यापासून ते पूर्ण वेगळे ठेवा, ही अट मोडू नका. दोघांना एकेक संगणक जोडा आणि स्विचमध्ये एक तार टाका. सगळे शांत चालेल. आता दुसरी तार टाका आणि एका संगणकावरून दुसऱ्याला हाक मारा. थोड्याच वेळात दोन्ही डब्यांवरचे सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकू लागतील आणि संगणकांचे बोलणे थांबेल. (काही नव्या स्विचमध्ये हे ओळखून थांबवण्याची सोय असते, तसे असेल तर जुना स्विच शोधा.) एक तार काढा, वादळ थांबेल. आवर घालण्याचे नियम का लागतात, हे दोन मिनिटांत कळते.

आणि इमारतींचा तो प्रश्न पुढीलप्रमाणे बदलून द्यावा: गोंदिया जिल्ह्यातील आठ तालुक्यांची मुख्य ठिकाणे सात तारांनी जोडलेली आहेत. प्रत्येकाला गोंदियाशी बोलण्यास एक माप क्षमता लागते. (अ) कोणती एक तार तुटली तर सर्वाधिक ठिकाणे तुटतील? (आ) तुम्हाला एकच जास्तीची तार दिली तर ती कोठे टाकाल? (इ) ती टाकल्यावर प्रत्येक तारेची क्षमता किती ठेवाल, म्हणजे कोणतीही एक तार तुटली तरी उरलेल्यांवर क्षमतेबाहेर भार येणार नाही? (ई) दोन तारा जास्तीच्या मिळाल्या तर अजून कोणाला एकाच तारेवर लटकत ठेवाल, आणि का? शेवटच्या प्रश्नाला एकच उत्तर नाही. तिरोडा, सालेकसा आणि अर्जुनी मोरगाव येथील मुलांची उत्तरे वेगवेगळी येतील.